उलट्या कुंपणाचे आबा

शहाद्याकडच्या काही गावांत एक बोलणं अजून ऐकू येतं. कुणी शेताचा बांध हातभर सरकवला, कुणी ओटा रस्त्यात पुढे आणला, की लोक म्हणतात, ‘आबानं झाड लाई ऱ्हायना.’ आबाचं झाड लावतोय, म्हणजे आधी झाड लावायचं आणि मग झाडापर्यंतची जागा आपली म्हणायची. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना हा आबा कोण, कुठला, काही ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, म्हणीतला असेल कुणीतरी.

गेल्या हिवाळ्यात माझ्या नातवाच्या घराचा पाया आखत होते. गवंड्याने दोरी ताणली ती शेजाऱ्याच्या बाजूला किंचित झुकल्यासारखी दिसली. शेजारी हसत मला म्हणाला, “बाबा, दोरीवर ध्यान ठेवा. नहीतर नातू आबानं झाड लाई दी.” सगळे हसले. मी आत जाऊन बसलो.

आबा खराखुरा माणूस होता आणि त्याने कुणाची वीतभर जागा घेतली नाही. हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगू शकेल असा आता मी एकटाच उरलो आहे. खरं म्हणजे जेव्हा सांगायला हवं होतं तेव्हाही मी एकटाच होतो.

माझी पहिली नोकरी त्या गावातली. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. मी रनाळ्याचा, म्हणजे तापीच्या अलीकडचा. होडीतून नदी ओलांडून सारंगखेड्याला उतरलो आणि शहाद्याच्या वाटेने जाणाऱ्या एका रिकाम्या बैलगाडीत बसून त्या गावी पोचलो. मराठी शाळेत दुय्यम शिक्षक. हेडमास्तर म्हणाले, “राहायला गावाच्या टोकाशी आबांकडे खोली आहे. माणूस चांगला आहे. फक्त कुंपणाचं काही विचारू नका, संध्याकाळ होईल.”

मी गेल्या गेल्या कुंपणाचंच विचारलं. न विचारून करतो काय? घराभोवती थोराचं, म्हणजे निवडुंगाचं, दाट कुंपण होतं. कुंपणाच्या आत बाभळी होत्या, काटेरी हिवर होता, एका कोपऱ्यात अंगावर येणारं बोराटीचं जाळं होतं. आणि कुंपणाच्या बाहेर, गाडीवाटेच्या कडेने, आंबे, जांभूळ, सीताफळी, एक लिंबू, एक चिंच आणि एक रायण, म्हणजे खिरणी. माणसं जे जपून आत लावतात ते सगळं बाहेर, आणि जे उपटून फेकतात ते आत.

आबा ओट्यावर बाजेवर बसून बिडी वळत होते. उंच, हडकुळा माणूस. भर उन्हाळ्यात अंगात खाकी कोट.

“आबा, फळझाडं बाहेर का लावलीत?”

“तू चोर शे का?”

“नाही.”

“मंग तुले काय करनं?”

बिडी पेटली. मग त्यांनाच राहवलं नाही.

“हाई देख मास्तर. झाड मझार लावं, तर चोरले कुंपन चढनं पडस. चढना, पडना, पाय मोडना. मंग त्यानी खाट कोन उचली? मीच. ह्या वयमा मन्हाथीन खाट उचलाती नही.”

मझार म्हणजे आत. हे झालं मला सांगितलेलं कारण. गावातल्या पाटलांनी विचारलं तर म्हणत, “बाभूय लाजाळू शे, तिले मझार ठेवनं पडस.” वाटेवरून जाणाऱ्या एखाद्या घोड्यांच्या व्यापाऱ्याने विचारलं तर म्हणत की आंबा स्वतःची राखण करतो, काट्यांनाच पहारा लागतो. विचारणारा गंभीर असेल तितकं उत्तर वेडगळ. गावाने त्यांना ‘उलट्या कुंपणाचा आबा’ म्हणून सोडून दिलं होतं. ते नाव त्यांना आवडायचं असं मला वाटतं.

आबांनी सगळी उमर जंगलखात्यात गार्ड म्हणून काढली होती. नवापूरच्या पलीकडचे डोंगर, सातपुड्याची खालची रांग, तिथेच त्यांचे पाय झिजले. खाकी कोट त्या नोकरीतला आणि गळ्यात दोरीने बांधलेली शिट्टीही तिथलीच. सकाळी उठून ते घराभोवती ‘राउंड’ घेत. प्रत्येक झाडाशी थांबायचं, खोडावर दोन बोटं आपटायची, पान उलटून पाहायचं आणि त्याला काहीतरी ऐकवून पुढे जायचं. “काय रे, पानं गुंडाळीसन बठना? ऊन सगळासले लागी ऱ्हायनं, तू एकलाच नवाबना शे का?” जांभळीशी मात्र ते अदबीने बोलत. ती त्यांच्यापेक्षा आधीपासून तिथे होती.

त्यांच्या बायकोला सगळे जिजी म्हणत. ठेंगणी, गोरी, बोलायला धारदार. आबांची नोकरी किती कडक होती हे तीच सांगायची, आणि सांगताना भाकरीवर हात जोरात पडायचा. “मन्हं लगीन व्हतं. अंतरपाट धरेल, बामन मंगलाष्टकं म्हनी ऱ्हायना. मी मान खाले घालीसन उभी. आन हाऊ मानूस मांडवना खांब देखी ऱ्हायना.” मांडवाचे खांब कोवळ्या सागाचे होते. अक्षता पडल्या आणि नवरदेवाने सासऱ्याला पहिला प्रश्न विचारला तो हा, की हा साग कुठून आणला. सासऱ्याला म्हणे पुढे आठवडाभर त्या खांबांची हकिगत सांगत फिरावं लागलं. आबा मध्येच ओट्यावरून म्हणत, “साग व्हता तो. एरंड व्हता का?” जिजी म्हणे, “व्हता साग. पन मी बी व्हतू तठे. मन्हाकडे कव्हय देखं?”

त्या काळ्या जमिनीत झाड जगवणं सोपं नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि भेगेतून वारा जाऊन मुळं सुकतात. आबा चैत्रातच खड्डे खणून ठेवत आणि ते उन्हात तापू देत. मग तळाला पाला, शेण, चुलीतली राख. रोप लावलं की त्याच्या शेजारी मडकं पुरत. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात चिंधीची वात. मडकं भरलं की पाणी मुळाशी हळूहळू झिरपत राही. मडकी कळसाडीच्या बाजूचा एक कुंभार देई, भट्टीत तडकलेली, बाजारात न खपणारी. पण गावात बोललं जायचं की आबा मडकी मसणातून उचलून आणतो. मी एकदा न राहवून ते त्यांच्या कानावर घातलं.

“मालूम शे,” ते म्हणाले.

“मग सांगा ना लोकांना, कुंभाराची आहेत म्हणून.”

“कसाले? मसननं मडकं म्हनीसन कोनी पोऱ्या फोडत नही.”

मडकी भरणं हे भाडेकरूचं काम होतं. खोली घेताना आबांनी तेवढीच एक अट घातली होती. शाळेला जाण्याआधी मी विहिरीवरून घागरी आणून मडकी भरायचो, धोतर खोचून, पंचा डोक्याला बांधून. पहिल्या दिवसांत माझे विद्यार्थी वाटेवरून जाताना पाहतात म्हणून मला लाज वाटे. मी त्या वेळी तरुण होतो, गावातला शिकलेला होतो, पुस्तकातलं मराठी बोलत होतो, आणि कोण हसेल याचा विचार माझ्या मनात सदोदित असे. हा माझा स्वभाव होता. पुढचं सगळं त्यातून झालं, म्हणून लिहून ठेवतो.

आंबे पाडाला आले की माझेच विद्यार्थी ते चोरायला येत. ‘चोरायला’ हा त्यांचा शब्द. त्यांना चोरीशिवाय गोडी नव्हती. आबा ओट्यावरून पाहत राहायचे आणि एखादा पोरगा कच्च्या फांदीकडे सरकला की शिट्टी वाजवायचे. “जेवना हातनी फांदी धर, जेवना हातनी. ती डावी पोकळ शे, मुंगळा लागेल शेत. खाले पाय दे. हां. आते तोड.” पोरं चिडत. मालकच चोरीचे धडे देऊ लागला तर चोरी करण्यात राम कुठला?

मार्गशीर्षात सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरे. त्याआधी आठवडाभर आमच्या वाटेने घोडे जात. कुठून कुठून येत, अंगावर झुली, पायांत घुंगरू, धुळीचा लोट, आणि त्यात वळणावर आबांच्या झाडांची सावली. व्यापारी तिथे थांबत. आबांचा नियम असा, की घोडा झाडाला बांधायचा नाही आणि जायच्या आधी एका रोपाला पाणी घालायचं. एका पंजाबी की काठेवाडी व्यापाऱ्याने हसत सांगितलं, माझा घोडाच घालील. घोड्याने खरंच रोपावर पाय फाकवले. व्यापाऱ्याला वाटलं म्हातारा भडकणार. आबांनी खाली वाकून नीट पाहिलं आणि म्हणाले, “जरा दूर उभा कर त्याले. खारं शे, बुडले लागाले नको.” तो व्यापारी नंतर दरसाल थांबत असे.

आता आखाजीचं सांगायला हवं. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात, आणि तिच्यासारखा सण आमच्याकडे दुसरा नाही. सासरच्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, घरोघरी पितरांच्या नावाने घागर पुजतात आणि तिच्यावर आंबा ठेवतात. त्या दिवसाआधी आंबा तोंडात घालत नाहीत. आबांनी या आखाजीला आपली एक रीत जोडली होती. वाटेवरचं जे झाड त्या वर्षी पहिल्यांदा फळाला आलं असेल, त्याच्यावर ते पाणी सोडत. ही रीत त्यांची एकट्याची नव्हे. जुनी माणसं विहीर बांधली, धर्मशाळा बांधली, की असंच हातावरून पाणी सोडून ती सगळ्यांची करून टाकत. पाणी सोडलं की वस्तू आपली राहत नाही. याला साक्षीदार लागतो, आणि तो घरचा चालत नाही.

मी तिथे गेल्यावरच्या दुसऱ्या आखाजीला आबांनी मला झुंजुमुंजू असताना हाक मारली. “मास्तर, तोंड धुई ले नि ये.” फाटकासमोरच्या आंब्याला त्या साली पहिला बहर आला होता. थोडीच फळं, पण चांगली मुठीएवढी. हवा गार होती. गावात कुठेतरी जात्यावरच्या ओव्या चालू होत्या. आबांनी कोट काढून कुंपणावर ठेवला. कोटाशिवाय मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, खांदे अगदी पोरासारखे दिसले. त्यांनी ओंजळ पुढे केली. मी तांब्यातून पाणी घातलं.

“हाई झाड मन्हं नही,” ते म्हणाले. “येनं फय, येनी सावली, येनं लाकूड, ज्याले लागी त्यानं. मास्तर देखी ऱ्हायना.”

आणि पाणी बुंध्याशी सोडलं. बस, एवढंच. मंत्र नाही, हळदकुंकू नाही. त्यानंतर त्या झाडाचं फळ आबा आणि जिजी तोंडाला लावणार नव्हते. जिजी त्या दिवशी सकाळपासून आदळआपट करत होती. दारात फळाला आलेला आंबा, आणि रसासाठी ती बाजारातून आंबे आणवत होती. “घरमा लिंबू शे का? नही. लिंबू बाहेर शे, लोकसना दारमा,” ती मला ऐकवत होती. पण पुरणाचे मांडे तिने त्या दिवशी इतके पातळ केले होते, की त्यातून ओट्यावर बसलेले आबा दिसावेत.

दुपारी झाडाला पोरींनी झोका बांधला. आबा बिडी ओढत पाहत होते. मी म्हटलं, “आबा, आता खरं सांगा. का करता हे?”

त्यांनी या वेळी थट्टा केली नाही. म्हणाले, “जन्मभर मी जंगलमा लोकसना डोकावरन्या सरपनन्या मोया उतारात. कायदा व्हता, उतारात. चूक करी असं म्हनत नही मी. पन रातले ती डोकं दिसतस माले. चुंबळ तशीच ऱ्हास डोकावर, नि मोयी नही.” मग शिट्टी वाजवली. झोक्यावर दोन पोरी एकदम चढल्या होत्या.

पुढच्या आखाजीला सीताफळींवर पाणी सोडलं, तेव्हाही साक्षीला मीच होतो. माझ्या आधीच्या वर्षांतल्या झाडांना वेगवेगळी माणसं होती. एक मोळीविकी भिल्ल बाई, जी नंतर मजुरीला सुरतेकडे गेली. एक म्हातारा धनगर, तो वारला. आणि एकदा तर उन्हाळ्यात उधारी वसूल करायला आलेला एक घोड्यांचा व्यापारी. आबा वाटेवर जे भेटेल ते माणूस धरत.

भांडण लागलं ते कापसाच्या गाड्यांवरून. पाटलांनी वाटेच्या पुढच्या टोकाला कापूस साठवायला मोठं खळं केलं होतं. भरलेल्या गाड्या आंब्यांखालून जाताना फांद्यांत अडकत, बोदऱ्या, म्हणजे कापसाची मोठी पोती, फाटत, कापूस फांद्यांना लोंबत राही. तक्रार खोटी नव्हती. फांद्या छाटून भागलं असतं. पण बोलता बोलता बोलणं वाढलं, आणि पाटील म्हणाले की म्हातारा हुशार आहे, आज झाडं बाहेर लावली, उद्या कुंपण झाडांपर्यंत नेईल, आणि सरकारी वाट त्याच्या घरात जाईल. गावाला हे लगेच पटलं. इतकी वर्षं ज्या गोष्टीचं कारण कळत नव्हतं तिचं एकदम कारण मिळालं, आणि तेही सगळ्यांना समजेल असं.

मामलेदार दौऱ्यावर आले तेव्हा चावडीत हे प्रकरण निघालं. चावडी भरून गेली होती. मीही हेडमास्तरांबरोबर पुढे बसलो होतो. मामलेदार वाईट माणूस नव्हता. त्यांनी सरळ विचारलं, “ही झाडं तुम्ही स्वतःसाठी लावलीत, की वाटसरूंसाठी? वाटसरूंसाठी असतील तर फांद्या छाटू आणि झाडं राहू देऊ. स्वतःची असतील तर वाटेवर ठेवता येणार नाहीत.”

“साहेब, मझारली मन्ही शेत. बाहेरली मन्ही नहीत.”

“मग कुणाची?”

“ज्याले भूक लागी त्यानी.”

लोक हसले. मामलेदारही थोडे हसले. “हे तुम्ही कुणाला कधी सांगितलं होतं?”

“पानी सोडं ना साहेब. आखाजीले.” आणि त्यांना वाटलं साहेबाला कळलं नाही, म्हणून त्यांनी तिथे चावडीत उभं राहून उजव्या हाताचा खळगा करून दाखवला. “हाई असं.” हशा वाढला. मागून कुणीतरी म्हणालं, “आबा, झाडनं लगीन लाई दिन्हं का?”

आबा त्याच्याकडे वळले नाहीत. हात तसाच धरून म्हणाले, “मास्तर व्हता. मास्तरले इचारा.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मामलेदार माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत अजून हसू होतं. “काय मास्तर? झाडाच्या कन्यादानाला तुम्ही हजर होतात?”

मला एवढंच म्हणायचं होतं, की हो. दुसरं काही नको होतं. पाटलांची मला भीती नव्हती, नोकरीची काळजी नव्हती. पण चावडी हसत होती, आणि ‘हो’ म्हटलं असतं तर त्या हसण्याच्या मध्ये मी उभा राहिलो असतो, तांब्या घेऊन. मी म्हणालो, “साहेब, मी भाडेकरू. आबा रोजच झाडांशी बोलतात. कुठल्या दिवशी काय बोलले हे आठवायला मी काही झाड नाही.”

चावडी खदखदून हसली. मामलेदार रुमाल तोंडाला लावून हसले. हेडमास्तरांनी माझ्या मांडीवर थाप मारली. आणि मीही हसलो. सांगायला शरम वाटते, पण क्षणभर मला बरं वाटलं. आबांचा हात अजून तसाच होता, खळगा केलेला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग तो धोतराला पुसला.

निकाल तिथेच झाला. झाडं खाजगी, वाटेवर अतिक्रमण, कापसाच्या हंगामाआधी वाट मोकळी करावी, लाकूड लावणाऱ्याने न्यावं.

मी घरी त्यांच्या मागून, बरंच अंतर ठेवून चाललो. जिजी दारात होती. “काय व्हयनं?”

“वाट मोठी व्हई,” आबा म्हणाले आणि मडकी पाहायला गेले.

आमच्याकडे फळतं झाड तोडायचं तर पहिला घाव मालकाने घालायचा असतो. नाहीतर तोडणाऱ्याला दोष लागतो असं मानतात. कुऱ्हाडीवाले आले आणि आंब्यापाशी उभे राहिले. आबा ओट्यावर बसून होते.

“आबा, पहिला घाव घाला.”

“मालकले बलावा.”

“तुम्हीच मालक ना. साहेबनी सांगं.”

“मी नही. कोन शे त्याले बलावा.”

त्यांनी कुऱ्हाडी खाली टेकवल्या. शेवटी पाटलांनीच येऊन कुऱ्हाड घेतली आणि इकडे तिकडे न पाहता घाव घातला. जांभूळ मात्र राहिली, कारण ती आबांच्या आधीची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाकी सगळं संध्याकाळपर्यंत आडवं झालं.

लाकूड आबांनी घेतलं नाही. गावाने पुष्कळ सांगितलं. दिवाळी येऊन गेली तरी ओंडके वाटेच्या कडेला पडून राहिले. मग हळूहळू, कुणी पाहत नाहीसं बघून, लोक फांद्या नेऊ लागले. एका सकाळी मी मडकी भरत होतो. मडक्यांशेजारी आता झाडं नव्हती, पण मला काय करावं ते सुचत नव्हतं म्हणून मी भरत होतो. एक भिल्ल बाई त्या लाकडांची मोळी बांधत होती. मोळी जड झाली, एकटीला उचलेना. आबा ओट्यावरून उतरले, कुंपणाबाहेर आले, आणि खाली वाकून त्यांनी ती मोळी तिच्या डोक्यावर चढवली. मग दोन पावलं मागे सरून ती तोलात बसली की नाही हे पाहिलं. ती गेली. ते तिथेच उभे राहिले. मी घागर खाली ठेवून आत गेलो.

त्या उन्हाळ्यात आबांनी कुंपण पाडलं. थोराच्या जुन्या जाळ्या तोडून, घरापासून पाच-सहा हातांवर, अगदी भिंतीलगत म्हणावं असं, नवं कुंपण घातलं. बाभळी काढल्या. हिवर काढला. आणि जुनं कुंपण ते नवं कुंपण, या मधल्या पट्ट्यात खड्डे खणले. म्हणजे जागा त्यांची स्वतःची, घराची, आणि तरीही कुंपणाबाहेर. पुन्हा झाडं बाहेरच. वाटेवरच्या माणसाला ती मोकळी, आणि आता कुणाला अतिक्रमण म्हणता येऊ नये.

ज्या माणसाने झाडं लावून जागा खाल्ली असं गाव म्हणत होतं, त्याने स्वतःचं अंगण वाटेला देऊन टाकलं होतं. सगळ्या गावाने ते पाहिलं. आणि गाव काय म्हणालं? म्हणालं, “देखा, सरकारनं कान उपटा तव्हय मांगे सरकना. मनमा चोर नसता तर मांगे काबर सरकता?” त्या वर्षीच ‘आबानं झाड’ हे बोलणं रूढ झालं.

मी गप्प होतो. माझी बदली नवापूरकडच्या एका शाळेत झाली. जायच्या दिवशी गाडी दारात उभी होती, माझी ट्रंक आणि वळकटी तिच्यात होती. आबा एका खड्ड्यात उतरून माती मोकळी करत होते. मी काठावर बसलो.

“आबा, मी चावडीत खोटं बोललो.”

“खोटं कोठे बोलना तू? तू म्हने, मी झाड नही. बराबर शे.” त्यांनी पहार काठावर टेकवली. “झाड ऱ्हाता तर उभा ऱ्हाता.”

मी मान खाली घातली. त्यांनी एक ढेकूळ हाताने फोडलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “तू बोलना नही त्यानं काही नही, मास्तर. घाबरस मानूस. पन हासना कसाले?”

मी म्हटलं, “मी शहाद्याला जातो. मामलेदारांना भेटून खरं काय ते सांगतो.”

“आते मामलेदार काय करी? झाड जोडी दी का? त्यानं काय शे, तो गया दुसऱ्या गावले. गावले सांग. माले ह्या गावमा मरनं शे.”

“सांगतो.”

“जाता जाता सांगी दे. चावडीवर बठेल शेत समदा.”

त्यांनी हात वर केला, मी त्यांना खड्ड्यातून बाहेर ओढलं. त्यांचा हात मातीने भरला होता, तो माझ्या सदऱ्याला लागला. जिजीने दशम्या बांधून दिल्या. गाडी निघाली. चावडीवरून जाताना पारावर लोक खरंच बसलेले होते, पाटीलही होते. कुणीतरी हात केला, “मास्तर, निंघनात का?” मी हात केला. म्हटलं, “हो, निघालो.” गाडीवानाने विचारलं, “थांबू का?” मी म्हटलं, “नको, ऊन होतंय.”

पुढच्या सुट्टीत सांगू, असं मी ठरवलं होतं. मग त्याच्या पुढच्या. आबा गेल्याचं मला नवापूरच्या बाजारात, एका गाडीवाल्याकडून कळलं, तेव्हा त्यांना जाऊन बरेच दिवस झाले होते. नव्या झाडांवर पाणी सोडायला साक्षीला कोण होतं, की कुणी नव्हतंच, हेही मला माहीत नाही. एकदा शिक्षकांच्या बैठकीत कुणीतरी ‘आबानं झाड’ म्हणालं, तेव्हा मी सगळ्यांबरोबर मान डोलावली. तेही लिहून ठेवतो.

त्या दिवशी पारावर बसलेल्यांपैकी आता कुणी नाही. त्यांची नातवंडं आहेत. हे त्यांच्यासाठी लिहिलं. शाळेच्या मराठीत मी जन्मभर बोललो, आणि चावडीतही त्याच मराठीत बोललो होतो. आता शेवटचं तेवढं आपल्या बोलीत सांगतो.

भाऊ हो, मी तठे व्हतू. आखाजीनी पहाट व्हती. तांब्या मन्हा हातमा व्हता. आबासनी मन्हा डोयासमोर पानी सोडं. ते झाड त्यासनं नव्हतं. तुम्ही तोडं ते तुमनंच व्हतं.